चाचांच्या हाताचं सेटिंग

होडेकर चाचांनी कप उचललाच नाही. तो बशीतच राहू दिला, स्वतः वाकले आणि मांजर वाटीला लागतं तसे चहाला लागले. मी मशीनवर एका साडीला फॉल लावत होते. बघितलं नाही असं दाखवायला मी नको तितकं जोरात पायडल मारलं.

"बघितलंस ना," ते म्हणाले.

"काय?"

"नाटक तू करू नको गो बाय. नाटक करायला मी आलोय. दोघांनी केलं तर बघायला कोण उरणार?"

मी मशीन थांबवलं. चाचा वर बघत होते. माझ्या डोक्यावर, वाशाला, अनंतचं विमान टांगलेलं होतं. नारिंगी पंख, निळं पोट.

"शुभा, हे मला एका दिवसासाठी देशील?"

शेजारणीने विरजण मागावं तसं त्यांनी विचारलं, आणि लगेच खाली बघितलं. विरजण नव्हतं ते, हे त्यांनाही कळत होतं.

अनंत माझा नवरा. त्याला जाऊन तेव्हा वर्ष व्हायचं होतं. गोवळखाडीत त्याचं लाँचींची इंजिनं दुरुस्त करायचं वर्कशॉप होतं. दिवसभर माणसाएवढी इंजिनं उघडून झाली की संध्याकाळी तो मुठीएवढं इंजिन उघडून बसे. होडेकर चाचा त्याच्याहून वीसेक वर्षांनी मोठे. उभी हयात जहाजांवर रेडिओ ऑफिसर म्हणून काढलेली. निवृत्त होऊन खाडीकाठच्या घरात परतले तेव्हा सामानात दोन ट्रंका, बायको जुबेदासाठी एक मिक्सर आणि एक खेळण्यातलं विमान होतं. खेळण्यातलं म्हटलेलं त्यांना चालत नसे. रिमोट म्हटलेलंही नाही. "रिमोट टीव्हीला असतो. हा ट्रान्समीटर." दर रविवारी दोघं गावावरच्या सड्यावर जात. सपाट कातळ, झाड नाही, विजेची तार नाही. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला कडा आणि कड्याखाली खाडी. गावाने त्या दोघांना वेड्यात काढलं होतं. मी त्यातली तिसरी, पण बाईला वेडी ठरवायला गावाला वेगळी कारणं लागतात, म्हणून सुटले.

मी त्यात पडले ती इस्त्रीमुळे. विमानाच्या लाकडी सांगाड्यावर एक पातळ रंगीत कागद इस्त्रीने बसवावा लागतो, एकही सुरकुती न ठेवता. अनंतने दोन पंख जाळले तेव्हा ते काम माझ्याकडे आलं. मागोमाग सेटिंगही आलं. पडद्यावरचे आकडे बघितले की अनंतला जांभया येत. तो सड्यावरून येऊन नुसता सांगे, "आज फार उड्या मारतंय," आणि मी त्या यंत्राचं पुस्तक आणि डिक्शनरी मांडीवर घेऊन शोधत बसे की उड्या कुठल्या पानावर आहेत. असं करत करत शिकले. उडवायला मात्र कधी शिकले नाही. पोहता न येणाऱ्याने होड्या रंगवाव्यात, तसं माझं.

"तुमचं एकही उरलं नाही?" मी विचारलं.

"कुठलं? शेवटचं दिवाळीत गेलं. घार आडवी आली."

त्या वर्षी घारींनी चाचांना फार त्रास दिला. त्यांची विमानं एकेक करून कातळावर फुटली आणि दर वेळी कारण वेगळं: वारा, डोळ्यात आलेलं ऊन, घार. अनंत असता तर हसला असता. मी पडलेले तुकडे वेचायला मदत करायची आणि घारींना शिव्या घालायची.

"नफीसा येतेय," चाचा म्हणाले.

नफीसा त्यांची एकुलती मुलगी. मुंब्र्याला एका लॅबमध्ये रक्त काढायचं काम करायची. आई गेल्यापासून बापाला तिकडे न्यायचं तिच्या मनात होतं, आणि मुंब्र्याचं नाव निघालं तरी बापाच्या कपाळावर आठी यायची. चौथ्या मजल्यावरचं घर, खिडकीसमोर दुसऱ्याची खिडकी. "जहाजावरच्या केबिनला पण गोल का होईना, समुद्राकडे भोक असतं," असं ते म्हणत. पण त्या पावसाळ्यात ते मोरीत पडले. पुढे एकदा गॅस चालू राहिला आणि शेजारच्या सारंगांच्या सुनेला वास आला म्हणून निभावलं. सुनेने मुंब्र्याला फोन केला.

"ती म्हणते, अब्बा, तुमचे हात थरथरतात. मी म्हटलं, ज्याचा हात थरथरतो तो विमान उडवतो होय? बोलून गेलो." चाचांनी पुन्हा खाली वाकून एक घोट घेतला. "तर म्हणाली, मी येते, मला दाखवा. दाखवलंत तर मुंब्र्याचं नाव काढणार नाही. नाही दाखवलंत तर त्याच गाडीने माझ्याबरोबर यायचं. कबूल?"

"आणि तुम्ही कबूल म्हणालात."

"रेडिओ ऑफिसर होतो. 'ऐकू आलं नाही' म्हणायची सवय नाही."

मी स्टुलावर चढले आणि दोरी सोडली.

"नीट विचार कर," चाचा म्हणाले. "अनंताच्या हातचं शेवटचं आहे."

"टांगून ठेवून मी त्याचं काय करते? धूळ पुसते."

"पडलं तर?"

"तर पुसायची नाही."

हे मी बरंच फुशारकीने म्हटलं. विमान खाली घेतल्यावर वाशाला नुसती दोरी राहिली, ती मी तशीच लोंबू दिली.

*

दुसऱ्या दिवशी आम्ही विमान मशीनच्या टेबलावर ठेवून कामाला बसलो.

ट्रान्समीटरवर दोन छोटे दांडे असतात, त्यांना स्टिक म्हणतात. स्टिक हलवली की विमानाच्या पंखाची आणि शेपटीची फळी हलते. स्टिक किती हलली की फळी किती हलावी, हे आपल्याला ठरवता येतं. नव्या मोटरच्या मशीनवर नवशिक्या पोरीने पाय ठेवला की कापड सुसाट पळतं, अनंतचं विमान तसं होतं. त्याने फळ्यांची हालचाल पुरी ठेवली होती. स्टिकच्या मधला भाग थोडा सुस्त करता येतो, म्हणजे अंगठा जरासा हलला तरी विमानाला पत्ता लागत नाही. त्याला ती सोय बिलकूल आवडत नसे. "माझ्या आणि विमानाच्या मधे कोणी नको," म्हणायचा. हे तो बऱ्याच बाबतीत म्हणायचा, आणि मग जेवायला वाढ म्हणून हाक मारायचा.

चाचांसाठी मला नेमकी ती सोय हवी होती. फळ्यांची हालचाल कमी करायची आणि मधला भाग एवढा सुस्त की थरथर तिथल्या तिथे जिरून जावी. मी पुस्तकात बघून आकडा घातला आणि ट्रान्समीटर चाचांच्या हातात दिला.

"धरा. नुसता धरा, काही करू नका."

त्यांनी अंगठे टेकवले मात्र, आणि पंखाच्या दोन्ही फळ्या दात वाजल्यासारख्या तडतड वाजू लागल्या. आतल्या मोटरी घुं-घुं करायला लागल्या. टेबलावरच्या टाचण्यांचा डबासुद्धा हलला.

चाचांचा चेहरा पांढरा पडला. "एवढं?" ते म्हणाले. "एवढं वाढलं?"

मीही क्षणभर तेच समजले. मग पडद्याकडे बघितलं. काही कंपन्यांच्या यंत्रात हा आकडा अधिकमध्ये घातला की स्टिक मऊ होते, काहींच्यात उणेमध्ये. अनंतने ही गोष्ट कधी वापरलीच नव्हती, त्यामुळे आमचं यंत्र कुठल्या जातीचं हे मला ठाऊक नव्हतं. मी मऊ करायला गेले होते आणि दुप्पट तिखट करून बसले होते.

"चाचा, तुम्ही नाही. माझी खूण उलटी झाली."

"खोटं बोलतेस."

"थांबा." मी अधिकचं उणे केलं. "आता धरा."

फळ्या गप्प झाल्या. चाचांचे अंगठे तसेच थरथरत होते, अगदी तसेच, पण टेबलावरचं विमान झोपल्यासारखं पडून होतं. ते बराच वेळ कधी अंगठ्यांकडे, कधी पंखाकडे बघत राहिले.

"अल्ला," ते हळूच म्हणाले. "असं औषध माणसाला का मिळत नाही गो?"

ट्रान्समीटरच्या खांद्यावर एक छोटं बटण असतं. एकाच विमानाची दोन सेटिंग ठेवायची आणि हवं ते बटणाने घ्यायचं. खाली केलं की मी केलेलं, चाचांच्या हाताचं. वर केलं की अनंतचं, पहिल्यासारखं.

"वरचं कशाला ठेवतेस?" चाचांनी विचारलं. "चुकून हात लागला तर?"

"असू दे. जागा काय खातंय?"

त्यांनी बटण एकदा वर, एकदा खाली करून बघितलं.

नफीसा यायच्या आधी एका सकाळी आम्ही दोघं रिक्षाने सड्यावर जाऊन आलो. वारा पडलेला होता. विमान वर गेलं आणि रेघ मारावी तसं सरळ जात राहिलं. वळताना मात्र एवढं ऐसपैस वळलं की मला वाटलं ते समुद्राला वळसा घालून येणार. चाचांनी ते नीट उतरवलं आणि गळ्यातला पट्टा काढायला मान माझ्यापुढे केली.

"बैलगाडी केलीस गो अनंताच्या विमानाची."

"सरळ जाते ना?"

"जाते. पण वाऱ्यात बैलगाडी वळत नाही. फळ्यांना जोरच ठेवला नाहीस. पंखाखाली वारा शिरला तर सरळ कोण करणार?"

"वारा सुटायच्या आत उतरवायचं. समुद्राचा वारा दहाच्या आत येत नाही."

"वाऱ्याला घड्याळ तू दिलंस?" ते म्हणाले, पण खूश होते. परतताना रिक्षात त्यांनी खाडीकडे बोट दाखवून मला सांगितलं की यंदा पडवीची कौलं चाळून घ्यायची आहेत.

*

नफीसा आली ती रविवारी सकाळी. मी चाचांच्या घरी गेले तेव्हा ती ओट्यापाशी उभी राहून डबे हुंगत होती. उंच, सडपातळ, ओढणी कमरेला खोचलेली.

"भाभी, हे पीठ बघा. आळ्या झाल्यात. ह्याच्या भाकऱ्या खातात हे."

"आळ्यांना कोण मोजतंय?" चाचा पडवीतून म्हणाले. "जहाजावर याहून मोठ्या होत्या. चल, वारा सुटेल."

"आधी नाश्ता. गोळ्या उपाशीपोटी घेता का तुम्ही? कुठल्या घेता, दाखवा."

गोळ्या दाखवल्या. डॉक्टरचे कागद शोधले, सापडले नाहीत. मोरीतली फरशी तिने पायाने घासून बघितली आणि गॅसची नळी बदलायला हवी म्हणाली. एकही गोष्ट खोटी नव्हती, हीच पंचाईत. मी दारात उभी राहून नारळाच्या झावळ्यांकडे बघत होते. आम्ही निघालो तेव्हा शेंड्याची झावळी जराशी मान हलवायला लागली होती.

"चाचा, आज राहू दे का?" मी रिक्षात बसताना कुजबुजले. "उद्या सकाळी—"

"तिची गाडी आज संध्याकाळी आहे."

"काय म्हणताय?" नफीसाने पुढून विचारलं.

"विमान पायाखाली येईल, पाय उचल म्हणतोय."

सड्यावर गेलो. वाळलेलं गवत एका बाजूला झुकून पुन्हा उभं राहत होतं. मी इंजिनात तेल भरलं, चाचांच्या गळ्यात पट्टा अडकवला आणि बटण खाली आहे ना ते बोटाने चाचपून घेतलं. इंजिन सुरू केलं. नफीसाने कानांवर हात ठेवले.

विमान कातळावरून धावलं आणि उचललं गेलं.

सरळ, स्वच्छ, शांत. चाचांनी पहिलं वळण घेतलं, मग दुसरं. नारिंगी पंख उन्हात आले की पेटल्यासारखे दिसत. मी नफीसाकडे बघत होते. तिने कानांवरचे हात कधी खाली घेतले ते तिलाही कळलं नसावं. तोंड किंचित उघडं होतं, आणि तेवढ्यापुरता तिचा चेहरा लहान मुलीचा झाला होता.

"भाभी, खरं सांगू? मला वाटलं थापा मारतात."

"मारतात," मी म्हटलं. "पण ह्याच्यात नाही."

"अम्मीला भारी राग होता ह्या विमानांचा. म्हणायची, समुद्रावरून परत आले पण नजर काही खाली आली नाही." ती हसली. "घर भाड्याने द्यायला एक माणूस बघून ठेवला होता मी. त्याला नको म्हणून सांगते. एखादी बाई बघाल का इथे? वरकामाला, आणि रात्री गॅस बंद केला की नाही ते बघायला?"

"बघते."

तिने तोंडाशी हात नेऊन हाक मारली. "अब्बा, बस. मानलं. उतरवा आता."

चाचांनी मान हलवली, नजर न काढता. त्यांच्या गालावर एक सुरकुती वर सरकलेली मला बाजूने दिसली. त्यांनी विमान लांबून फिरवून आणायला पूर्वेकडे नेलं, कड्याच्या बाजूला, आणि वळवलं.

तेव्हाच समुद्रावरून वारा आला. झुळूक वगैरे नाही, कोणी दार उघडावं तसा आला. माझा पदर तोंडावर उडाला. तो मी बाजूला केला तेव्हा विमान एका कुशीवर पडलेलं होतं. वारा वरच्या पंखाखाली शिरला होता. चाचांनी स्टिक पार कडेला नेली होती, तरी पंख खाली यायला तयार नव्हता. जोर मीच काढून घेतला होता. विमान तसंच कलंडून गोल फिरत, खाली खाली, कड्यापलीकडे खाडीकडे घसरायला लागलं.

"काय होतंय?" नफीसाने विचारलं.

"वारा," मी म्हटलं. "वाऱ्याने गेलं."

आणि हे म्हणता म्हणता मला लख्ख दिसलं की असंच व्हायला हवं. वाऱ्याने विमान गेलं तर त्यात कोणाच्या हाताचा दोष नाही. तिने मानलं होतं. घर राहणार होतं, कौलं चाळून होणार होती, वरकामाला बाई मिळणार होती. एक विमान खाडीत जायचं, एवढंच. मी चाचांच्या जवळ गेले, कानाशी.

"जाऊ दे, चाचा."

त्यांनी ऐकलं नसल्यासारखं केलं.

"जाऊ दे. मी सांगतेय ना."

त्यांचं बोट ट्रान्समीटरच्या खांद्यावर गेलं. टक्, असा बारीक आवाज आला.

विमानाने उसळी मारली. पंख फाडकन सरळ झाले आणि जागच्या जागी, स्वतःच्याच लांबीत म्हणा ना, ते वळलं, जसं फक्त अनंतच्या हातात वळायचं. कड्याच्या वर आलं, आमच्या दिशेला आलं. आणि मग थरथरायला लागलं.

टेबलावर फळ्या वाजल्या होत्या ते मी एकटीने ऐकलं होतं. आता ते सगळं आकाशात मांडलं होतं. डावा पंख, उजवा पंख, डावा, उजवा, भिजलेलं पिल्लू कुडकुडावं तसं. मधेच नाक वर, मधेच खाली. चाचांनी दात आवळले होते, मानेची शीर फुगली होती. बटण पुन्हा खाली करून भागणार नव्हतं. वारा तसाच होता आणि जोर त्याच सेटिंगमध्ये होता. जोराबरोबर थरथरही येत होती, ती वेगळी काढायची कशी हे त्या पुस्तकात कुठेच नव्हतं.

वाऱ्याने विमान हलतं हे तिला पटलं असतं, पण वारा असा एका तालात हलवत नाही. बशीवर कप वाजतो तो हा ताल होता, आणि सकाळपासून ती तो ऐकत आली होती. तिने विमानावरची नजर काढली, बापाच्या हातांवर आणली, परत विमानावर नेली. बस, तेवढंच.

विमान कातळावर आपटलं, एकदा उडालं, पुन्हा आपटलं, आणि गवतात जाऊन थांबलं. एक चाक निखळून गडगडत गेलं. पंखाच्या टोकाचा कागद फाटला. बाकी शाबूत.

नफीसाने बापाच्या गळ्यातला पट्टा काढला. ट्रान्समीटर माझ्याकडे दिला. मग त्यांचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले, नस शोधताना धरत असेल तसे, तळवे वर करून.

"कधीपासून?"

"अम्मीच्या बरसीला पाहुण्यांना वाढता आलं नाही. तेव्हापासून."

"मला म्हणालात पाठ धरली आहे."

"पाठही धरली होती."

ती माझ्याकडे वळली. "भाभी, तुम्ही काहीतरी केलं होतं ना त्यात?"

"हो. स्टिक मऊ केली होती."

"आणि गॅसचं बटण?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तेही मऊ करणार होतात?"

मी गवतात चाक शोधायला गेले.

*

संध्याकाळच्या गाडीने ती त्यांना घेऊन गेली नाही, एवढी दया तिने केली. रजा वाढवून आठवडाभर राहिली. भांडी सारंगांच्या सुनेला दिली, कोंबड्या कोणाला तरी, पलंग भाडेकरूसाठी ठेवला. मी रोज जाऊन सामान बांधायला मदत करत होते. चाचा पडवीत खुर्चीवर बसून आमच्यावर देखरेख करत. "जुबेदाचा मिक्सर उलटा ठेवू नका." त्या दिवसाविषयी आमच्यात एक शब्द झाला नाही.

निघायच्या सकाळी गाडी दारात लागली. नफीसा मागची दारं लावून घेत होती. चाचा पडवीच्या पायरीवर बसले होते आणि मी खाली बसून त्यांच्या बुटाची नाडी बांधत होते. पुढे मी मुंब्र्याला गेले ती त्यांच्या मय्यतीलाच. म्हणून आमचं हे शेवटचं बोलणं.

"चाचा, तिने मानलं होतं," मी नाडीकडे बघत म्हटलं. "तुम्ही ऐकलं होतंत."

"ऐकलं."

"विमान गेलं असतं तर तुम्ही आज इथे असता."

"असतो."

"आणि मी सांगितलं होतं, जाऊ दे. माझं होतं ते. मी सांगत होते."

"म्हणून तर." त्यांनी पाय पुढे केला, दुसरी नाडी. "तू शिव्या घातल्या असत्यास ना, की मेल्या म्हाताऱ्या, माझ्या नवऱ्याचं विमान आहे, वाचव ते, तर मी कदाचित सोडलंही असतं. हात पोचला नाही, म्हटलं असतं. भांडलो असतो आपण, मग चहा प्यालो असतो. तू म्हणालीस जाऊ दे. किती गोड आवाजात म्हणालीस. ते 'जाऊ दे' घेऊन मी ह्या घरात राहायचं कसं, सांग. रोज तुझ्याकडे यायचं. तू वर वाशाकडे बघायची नाहीस, मी बघायचं नाही. तू फॉल लावत बसणार, काही बोलणार नाहीस. मी ते ऐकत बसणार."

मी गाठ मारली. एक मारून झाल्यावर आणखी एक मारली.

"बघ," चाचा म्हणाले. "आतासुद्धा काही बोलत नाहीस."

नफीसाने हाक मारली. मी त्यांना दंडाला धरून गाडीपर्यंत नेलं. आत बसल्यावर त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला, आणि मी तो दोन्ही हातांत घेतला. त्याची थरथर माझ्या मनगटात आली, मग कोपरापर्यंत चढली. घट्ट दाबून धरला असता तर जरा थांबली असती. मी दाबला नाही. गाडी हलेपर्यंत दोघांचेही हात तसेच हलत राहिले.